पाचवा खांदा

फाटक बंद नसतं तर मी सायकलवरून सरळ माल धक्क्यावर गेलो असतो, हजेरीवर सही ठोकली असती आणि पुढचं काही म्हणजे काही घडलं नसतं. पण पूर्णेचं ते हिंगोलीकडचं फाटक! मालगाडी तिथे एकदा मागे-पुढे करायला लागली की माणसाने एक बिडी ओढावी, दुसरी ओढावी, तरी डबे आपले हलताहेतच. मी चरफडत उभा होतो, आणि शेजारी येऊन थांबली ती तिरडी. माणसं एकूण सात. लाल पागोटी, खांद्यावर काळी घोंगडी. धनगरांपैकी आहेत हे दिसतच होतं. चौघे तिरडीखाली, पुढे एक जण हातात विस्तवाचं मडकं घेऊन, आणि मागे दोन अगदी वाकलेले म्हातारे. बाकीची माणसं मेंढरांमागे लांब कुठे गेलेली असणार. मी सहज म्हणालो, "अहो, खाली ठेवा की थोडा वेळ. वीस मिनिटं तरी ही गाडी हलत नाही." मडकंवाल्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, उलट कीव केल्यासारखं पाहिलं. "इसाव्याबिगर भुईला टेकवत न्हाईत, सायेब. इसावा तिकडं हाय, रुळाच्या पल्याड." आणि मला स्वतःचीच लाज वाटली. ताडकळसच्या दत्तमंदिरातल्या पुजाऱ्याचा मुलगा मी. विसाव्याआधी प्रेत जमिनीला टेकवायचं नसतं हे मला कोणी धनगराने सांगावं!

मागच्या उजव्या अंगाचा खांदेकरी साठीच्या पुढचा होता. त्याच्या गुडघ्यांना कापरं भरलं होतं. आधी धोतराचा सोगा हलायला लागला, मग मांडी, मग आख्खी तिरडी बारीक बारीक थरथरायला लागली. मागच्या म्हाताऱ्यांपैकी एक जण माझ्यावर खेकसला, "अंगात रेल्वेचा कोट घातलाय न्हवं? मग उघडायला लावा की फाटक!" मी फाटकवाल्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले. खरंच, काय करणार तो? काय करणार मी? तेवढ्यात त्या खांदेकऱ्याचा एक गुडघा वाकला, तिरडी त्या कोपऱ्याला खाली आली, आणि मला एवढंच आठवतं की माझी सायकल धाडकन पडली आणि बांबू माझ्या डाव्या खांद्यावर होता. मी काही ठरवलं नव्हतं हो. दयाबिया तर मुळीच नव्हती. पडणाऱ्या पेल्याला हात जातो तसा खांदा गेला.

वजन म्हणाल तर काहीच नव्हतं. वाळलेली म्हातारी असणार. पण ओला बांबू, सुंभाच्या गाठी, आणि एक गाठ नेमकी माझ्या हाडावर. कडुलिंबाचा वास, लोकरीचा वास, इंजिनाचा धूर. समोरून डबे चालले होते, डाव्या बाजूने उजवीकडे, मग तेच डबे उजव्या बाजूने डावीकडे. माझ्यापुढच्या माणसाची मान घामाने भिजली होती आणि त्या मानेवर एक माशी बसली होती. त्याला ती हाकलता येत नव्हती आणि मलाही. मला वाटलं, आपण चौघे या घडीला एका वस्तूचे चार पाय आहोत. एकाने अंग काढलं तर बाकीचे तिघे कोलमडतील. इतकं अडकून आयुष्यात मी कुठेच उभा राहिलो नव्हतो. शेवटी फाटक उघडलं. तो म्हातारा खांदेकरी पुन्हा खांदा द्यायला आला, पण त्याला धाप आवरेना, म्हणून मी विसाव्यापर्यंत गेलो. तिथे चिंचेखाली तिरडी ठेवली, दिशा बदलली, आणि मी हळूच मागे सरलो. म्हाताऱ्याने माझा हात धरला. "कोनाचे तुमी?" मी म्हणालो, "रेल्वेचा." आणि सायकल आणायला परत फिरलो. कोण गेलं, काय नाव, काही विचारलं नाही.

रेल्वेचा! दिवसभर पावत्या फाडताना मला ते उत्तर टोचत राहिलं. माणूस रेल्वेचा कसा असेल? इंजिन रेल्वेचं असतं, कंदील रेल्वेचा असतो. पण खरं सांगायचं तर दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतंच. सिकंदराबादला होतो तेव्हा लोक म्हणायचे, हे मराठवाड्यातले. निजामाबादला म्हणायचे, हे मराठे. मी ब्राह्मण आहे हे सांगण्यात अर्थ नसायचा; तिकडे मराठी बोलणारा तो मराठा. आणि इथे पूर्णेला, जिथून माझं जन्मगाव पाच-सहा कोसांवर आहे, तिथे म्हणतात, हे हैदराबादकडचे, उर्दू शिकलेले. क्वार्टरच्या दारावर नंबर आहे, नाव नाही. निजाम गेला, हैदराबाद राज्य गेलं, गेल्या दिवाळीपासून आपण मुंबई राज्यात आलो. दफ्तरात पेढे वाटले, मीही एक खाल्ला. दरवेळी कोणीतरी येऊन सांगतं की आता तुम्ही अमक्यांचे. आपण मान डोलवायची. मला वाटायचं, हेच बरं. कोणाचा नसलेला माणूस कोणाच्या अध्यात नाही आणि मध्यात नाही. पूर्णेला तबादला होऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात मी एकदाही ताडकळसला गेलो नव्हतो. ताडकळसची मोटार रोज माझ्या खिडकीखालून जायची. मी त्या वेळेला पावत्या लावत बसायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मडकंवाला धक्क्यावर येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं, पायात वहाणा नाहीत. नाव उमाजी. गेलेली त्याची आई, धुरपताबाई. "लय हुडकलं तुमाला," तो म्हणाला. "फाटकवाल्यानं सांगितलं. उद्या तिसरा हाय. राख सावडून आलो की खांदं मळायचेत. तुमाला यावं लागंल."

मला तो रिवाज ऐकून माहीत होता. ज्यांनी खांदा दिला त्यांना ओळीने बसवायचं, घरच्या बाईने त्यांच्या खांद्याला दूध-तूप लावून चोळायचं आणि ओझं उतरलं का म्हणून विचारायचं. आमच्यात नाही ते. मी हसून म्हणालो, "अहो, मी काही खांदेकरी नव्हे. फाटकापुरता हात लावला."

"हात न्हाई, खांदा," उमाजी म्हणाला.

"बरं, खांदा. पण तुमचे चौघे होते ना? त्यांचे मळा."

"चौघं व्हते, तुमी पाचवे. त्या थकल्या ग्यानबाचा अर्धा, तुमचा अर्धा, असं करता येत न्हाई, सायेब. येक बी खांदा तसाच ऱ्हायला तर म्हातारीचं वझं हितंच ऱ्हातं. अन् सगळ्यांचं मळून झाल्याबिगर घरात घास शिवत न्हाईत." मग खाली बघत, "तुमाला आमच्या दारात बसायला जड जात आसंल तर तसं सांगा. केवळाला, माझ्या मालकिणीला, हितं घेऊन येतो. हितंच मळंल ती."

धक्क्यावर, गोण्यांच्या ढिगाऱ्यात, हमालांसमोर, एक बाई येऊन माझ्या उघड्या खांद्याला तूप चोळणार! मी म्हणालो, बघतो. तो म्हणाला, वाट बघायलोय आमी. आणि गेला. मी मनातल्या मनात रजा, डोकेदुखी, साहेबांची तपासणी अशी सगळी कारणं जुळवायला लागलो. त्यात माझा हातखंडा आहे.

घरी बायकोला, विमलला सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, सोवळं-ओवळं काही आहे की नाही? मग मला न जाण्याला आधार मिळाला असता. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "जा की मग. त्यांची लेकरं उपाशी ठेवता का?" आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. चार काड्या मोडल्या आणि मान वर न करता तिने विचारलं, "अहो, मामंजींना कोणी नेलं होतं हो?"

मी म्हणालो, "गावानं केलं ना सगळं. कार्ड नव्हतं का आलं?"

"ते माहितीये. पण कोणी?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू, इतका राग आला की मी तांब्या आपटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. राग तिचा नव्हता. नऊ वर्षांत हा साधा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मी स्वतःला विचारू दिला नव्हता. ते अठ्ठेचाळीस साल होतं. रझाकारांच्या भीतीने आमची आळीच्या आळी रिकामी झाली; कोणी सोलापूरकडे, कोणी वऱ्हाडात. मी विमलला आणि आईला घेऊन पैनगंगेपलीकडे उमरखेडला गेलो. अप्पा आले नाहीत. "देवाला न्हाणं कोण घालील? तुम्ही व्हा पुढं," म्हणाले. मी दोनदा म्हटलं, चला. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. गाडी जुंपलेली होती, बैल फुरफुरत होते, आणि आत कुठेतरी मला बरंही वाटलं होतं, की एवढी कटकट कमी. श्रावणात ते गेले. महिन्याभराने फिरत फिरत कार्ड आलं, ताडकळसच्या मास्तरांच्या हातचं: 'अप्पाराव निवर्तले. गावाने केले.' बस. त्याच सुमारास पोलीस ॲक्शन झाली, रस्ते मोकळे झाले. मी गेलो नाही. देव आणवून घेतले माणसाकरवी. दर श्रावणात श्राद्ध करतो, अगदी यथासांग. पिंडाला दर्भ कसा ठेवावा हे मला कोणी शिकवायला नको. पण कोणी नेलं, हे नाही विचारलं.

आणि का नाही विचारलं तेही मला ठाऊक आहे. आमच्यापैकी गावात कोणी उरलंच नव्हतं. म्हणजे ज्यांनी उचललं ते आमच्यातले नव्हते. एकदा नावं कळली की ती लक्षात ठेवावी लागणार, त्या माणसांपुढे जाऊन उभं राहावं लागणार, त्यांच्या डोळ्यांत बघावं लागणार. 'गाव' म्हटलं की मोकळं. गावाला पाया पडता येत नाही, गावाच्या डोळ्यांत बघता येत नाही. मी नऊ वर्षं त्या शब्दाच्या आडोशाला बसून होतो. पण काल मालगाडीसमोर उभं राहून मला कळलं होतं की बांबू हाडावर बसतो, आणि हाड कोणा एकाचं असतं. गावाला खांदा नसतो. अप्पांना चार माणसांनी उचललं, त्यांच्याही मानेवर माशा बसल्या असतील, त्यांच्याही पायांना कापरं भरलं असेल, आणि त्यांचे खांदे मळायला घरातली बाई नव्हती. घर नव्हतं. आम्ही नदीपलीकडे सुखरूप होतो.

तिसऱ्या दिवशी मी गेलो. गावाबाहेर माळाच्या कडेला पाल्याचं खोपट, बाजूला काट्यांचा वाडगा, आत चार-दोन लंगड्या मेंढ्या मागे ठेवलेल्या. आम्हा पाचांना घोंगडीवर ओळीने बसवलं. ग्यानबा माझ्या शेजारी. गुडघ्यांना एरंडाचा पाला बांधलेला. केवळाबाई पितळी घेऊन आली. वयाने विमलएवढीच असेल. पहिल्याच्या खांद्याला तिने दूध लावलं, मग तूप, आणि तळहाताने चोळत विचारलं, "वझं उतरलं का?" तो म्हणाला, "उतरलं." दुसरा म्हणाला, उतरलं. तिसरा, मग ग्यानबा. मी कोट काढला, सदरा काढला. डाव्या खांद्यावर जानवं होतं. तिचा हात थबकला. मी जानवं उजव्या खांद्यावर सारलं, पितरांच्या कामाला सारतात तसं. दूध गार लागलं. गाठ रुतली होती तिथे काळंनिळं झालं होतं. तिने बोटांनी ते हलकेच चोळलं, दुखू नये असं. आणि विचारलं, "वझं उतरलं का, दादा?"

मला बोलता येईना. एक शब्द, चार अक्षरं. चुलीपाशी भाकरी झाकून ठेवल्या होत्या, तिची दोन लेकरं त्या झाकणाकडे बघत होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. उमाजी हळूच म्हणाला, "म्हना सायेब. उतरलं म्हना." आणि माझा बांध फुटला. चाळिशीकडे झुकलेला, कोट घालणारा माणूस मी, परक्यांच्या दारात उघडाबोडका बसून रडलो. म्हणालो, "माझ्या वडलांना कोणी खांदा दिला मला ठाऊक नाही हो. त्यांचे खांदे तसेच राहिलेत. नऊ वर्षं झाली. मी कसं म्हणू उतरलं?"

मग ग्यानबा खाकरला. "कोन गाव?"

"ताडकळस."

"आन् तुमी पूर्ण्याला ऱ्हाता?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. "मंग त्ये तिकडं जाऊन उतरवा की. हितं आमच्या म्हातारीला कशापायी धरून ठिवता?"

खरंच होतं. दुसऱ्याच्या आईवर मी माझा बाप लादत होतो. मी डोळे पुसले आणि म्हणालो, "उतरलं." केवळाबाईने हात काढला. लेकरांना भाकरी मिळाली. मलाही दिली, ज्वारीची, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि मी त्यांच्या ओळीत बसून ती खाल्ली.

रविवारी विमलला घेऊन ताडकळसची मोटार धरली. तिने वाटीत तूप घेतलं होतं, वर फडकं बांधलेलं. मोटारीत ती वाटी दोन्ही हातांनी धरून बसली, आणि मी खिडकीबाहेर बघत एकच हिशेब करत होतो की चौघांपैकी किती जण भेटतील. मास्तर कधीच वारले होते. देवळाशी विचारलं तर तरुण पोरांना काही माहीत नाही. एक जण म्हणाला, मागे भिवराबाई राहते, शेरडंवाली, तिला विचारा. ती अंगणात शेरडांना पाला टाकत होती. सत्तरीची असेल. मी नाव सांगितलं. अप्पांचा मुलगा, व्यंकट. तिने पाला टाकायचा थांबवला नाही.

"आता आलास व्हय," ती म्हणाली.

मी म्हणालो, "अप्पांना कोणी नेलं ते विचारायला आलोय. त्या चौघांना भेटायचंय. खांदे मळायचेत."

ती हसली, पण तोंडभर नाही. "चौघं? कुठले चौघं? गडी रानात दडलेले, रझाकार कवा येतील नेम न्हाई. दोनच गडी व्हते. तू धर, मी धर, म्हणायला मानूस न्हाई. बामनाचं मढं दीस उगवल्यापासून पडलेलं. मंग पायथ्याला आमी दोघी लागलो. बाया खांदा देत न्हाईत, ठावं हाय मला. पर करता काय? कुत्री फिरायलीती." तिने हात पदराला पुसले. "त्यातलं कोन बी न्हाई आता. मीच येकली हाय."

विमलने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने फडकं सोडलं आणि म्हातारीपाशी जाऊन बसली. "मावशी, मी त्यांची सून. लावू का?" नऊ वर्सांनी कसला खांदा, काय तरीच, असं काहीबाही भिवराबाई पुटपुटली. मग मला म्हणाली, "तिकडं त्वांड कर." मी भिंतीकडे तोंड करून खाली बसलो. पोतेऱ्याचे हात उमटलेली पांढऱ्या मातीची भिंत. मागे चोळीची गाठ सोडल्याचा आवाज आला.

"चौघांचं बी ह्याच खांद्यावर लाव," ती म्हणाली. "त्येंनी कुनाच्या दारात जावं आता? आदी मनकर्णाचं. माझ्यासंगं व्हती ती, लेकुरवाळी." थोड्या वेळाने म्हणाली, "आता उस्मानभाईचं लाव. पिंजारी. त्येच्या लोकांनी त्येला लय बोल लावला, पर हटला न्हाई." मग, "बन्सीधर न्हाव्याचं." मी एकेक नाव भिंतीकडे बघत पुटपुटत होतो, तर्पणात घेतो तसं. दुसऱ्या नावाला गोत्र कुठलं म्हणायचं म्हणून मी अडखळलो, आणि मग नुसतंच नाव घेतलं, दोनदा.

"आता माजं," भिवराबाई म्हणाली. विमल चोळत होती. कोरड्या कातडीवर तुपाचा हात फिरल्याचा आवाज मला ऐकू येत होता. मग विमलने विचारलं, "मावशी, ओझं उतरलं का?"

"इतक्यात न्हाई, माय," म्हातारी म्हणाली. "लाव आनखी जरा."